जोड्यांचा तक्ता

पहिलाच प्रश्न विचारतं हे सॉफ्टवेअर:
पद्धत कोणती?
टॉवर किती उंच, वाफ किती, हे सगळं नंतर.
आधी सांग, हे रेणू एकमेकांशी
कसे वागतात असं तू मानतेस.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी 'आदर्श' निवडलं होतं.
यादीत सगळ्यात वर होतं, आणि नावही बरं वाटलं.
आदर्श म्हणजे कोणाचं कोणाशी काही नाही:
पाणी पाण्यापुरतं, फरफ्यूरल फरफ्यूरलपुरतं,
जो तो आपापल्या उत्कलनबिंदूला जागून.
आठ सेकंदांत उत्तर आलं, एकही इशारा नाही.
एकशे एकसष्ट अंशांना उकळणारं फरफ्यूरल
शहाण्या मुलासारखं तळाशी जाऊन बसलं.

कागद घेऊन मी कंट्रोल रूममध्ये गेले.
न्गिडीबाबा बाहीवरची चिपाडाची धूळ झटकत होते;
एकोणतीस वर्षं याच टॉवरपाशी,
डर्बनच्या दक्षिणेला, जिथं ऊस संपतो आणि समुद्र लागतो.
त्यांनी कागद घेतला, उलटा धरला.
"असा बरोबर आहे," म्हणाले.
"ते वर जातं, पोरी. पाण्याचा हात धरून,
सत्त्याण्णवलाच उठतं.
तळाशी शोधशील तर नुसतं गरम पाणी."

मग एक बाटली भरून आणली, नळाखाली धरली.
कढत होती तोवर एकजीव.
निवत गेली तशी मधूनच दुधाळली,
आणि हळूहळू दोन थर:
खाली मधाच्या रंगाचा, वर पाणी. कडू बदामाचा वास.
वाफेत संगत, गारव्यात फारकत.
माझ्या आईबाबांचं नेमकं उलट होतं.

आज सात वर्षांनी, रात्रपाळीत,
एनआरटीएलचा तक्ता उघडून बसलेय.
प्रत्येक जोडीला तिचे आकडे.
पाणी–फरफ्यूरल: कुणीतरी कुठंतरी
हिवाळाभर उकळून उकळून मोजलेले.
पाणी–मिथेनॉल: यांची चौकशी सगळ्या जगानं केलीय.
असिटिक आम्ल तर वाफेतही एकटं राहत नाही,
दोन-दोन रेणू बिलगून चढतात;
त्यांच्यासाठी वाफेचं गणित वेगळं मांडावं लागतं,
नाहीतर ताळा जमत नाही.
आणि डायअसिटिल–फरफ्यूरल:
शून्य.

शून्य पाहून फसायला होतं.
वाटतं, यांचं आपसात काही नसेल.
या चौकटीत त्याचा अर्थ एवढाच,
की यांना अजून कोणी विचारलेलं नाही.

थांडेकाच्या लोबोलाची बोलणी झाली,
पाच काका-मामा बसले, अकरा गायी ठरल्या.
ती शेजारच्या खोलीत बशा पुसत होती.
एकच बशी, कितीतरी वेळ.

रेणूचे तुकडे पाहून
अंदाज बांधायचीही एक पद्धत आहे,
शितावरून भाताची परीक्षा.
वापरते मी. पण आकड्यापुढं लिहिते: अंदाज.
हर्मानसला ते आवडत नाही, त्याला अहवाल मंगळवारी हवा.
लॅबमधला सेल्वन म्हणतो,
उपकरणाची काच तडकलीय, गुरुवारच्या आत जमणार नाही.

साडेचारला वाऱ्यानं दिशा बदलली.
टॉवरच्या माथ्यावरून लोण्याचा वास खाली उतरला,
डायअसिटिल,
आणि त्याच्यासोबत अगदी पुसट बदाम.
सोबत, की मागोमाग?
नाकाला सांगता येईना.
मी चौकटीतलं शून्य पुसलं, ती कोरी ठेवली,
आणि हातमोजे चढवून
रिकामी बाटली शोधायला उठले.